पशुबलीविषयीं यहुदी व ख्रिस्ती शास्त्रवचनें : कांहीं पाठभेदांची चिकित्सा

१

पशुबलीविषयीं यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांचें मत काय, असें विचारलें असतां आपल्याकडे दोन ठराविक उत्तरें मिळतात. पहिलें असें कीं, यहुद्यांचें शास्त्र रक्तबलीचें आणि ख्रिस्त्यांचें दयेचें. दुसरें असें कीं, यज्ञ हा पुरोहितांचा, त्याचा निषेध भविष्यवाद्यांचा, आणि ख्रिस्त हा भविष्यवाद्यांचा वारस. पहिलें उत्तर एकोणिसाव्या शतकांतील वादविवादाच्या पुस्तकांत पुष्कळ आढळतें. दुसरें सुशिक्षितांस अधिक रुचतें. कारण ब्राह्मणग्रंथ आणि उपनिषदें यांच्यांत आपण जो विरोध मानीत आलों, त्याचा सांचा तेथें आयताच बसतो. मूळ ग्रंथांचे शब्द व हस्तलिखितांतील पाठ पाहिले असतां हीं दोन्ही उत्तरें टिकत नाहींत, असें आमचें मत झालें आहे. तें सकारण मांडणें हा या लेखाचा हेतु.

दुसऱ्या उत्तराचा दोष आमच्याही पदरीं आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. संस्कृत शिकवीत असतां आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत असें सांगितलें कीं, यज्ञाविरुद्ध बोलणारा आमोस हा यहुद्यांमधील बुद्धच होय. एकदां एका बेने इस्राएल विद्यार्थ्यानें तास संपल्यावर जवळ येऊन विचारलें कीं, गुरुजी, आमोसानें यज्ञ रद्द केले असतील तर आमच्या शब्बाथाच्या प्रार्थनेंत यज्ञांचीं वचनें अजून कां म्हणतात? आम्हीं कांहीं तरी सांगून त्याची बोळवण केली. काय सांगितलें तें आज आठवत नाहीं. प्रश्न मात्र आठवतो. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे.

२

प्रथम विधि पाहूं. लेवीय ग्रंथाच्या १ ते ७ या अध्यायांत होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली व दोषबली असे अर्पणाचे पांच प्रकार सांगितले आहेत. पैकीं अन्नबली धान्याचा. बाकीच्या चारांत पशुपक्षी. होमबली सगळाच वेदीवर जाळावयाचा. शांत्यर्पणाचें मांस यजमान व त्याची मंडळी यांनीं भक्षण करावयाचें, मात्र रक्त व चरबी वेदीची. शिवाय सकाळीं एक व सायंकाळीं एक अशीं दोन कोंकरें नित्य होमबली म्हणून रोज द्यावयाचीं, असा गणना ग्रंथाच्या २८ व्या अध्यायांत विधि आहे. रक्ताचें प्रयोजन लेवीय १७:११ येथें दिलें आहे. प्राण्याचा जीव रक्तांत असतो व प्रायश्चित्तासाठीं तें वेदीवर नेमून दिलें आहे, असा त्या वचनाचा आशय.

यावरून रक्तावांचून पापक्षमाच नाहीं, असा सिद्धांत काढण्यांत येतो, आणि त्यास इब्री लोकांस पत्र ९:२२ हें वचन आधार म्हणून पुढें करितात. पण त्याच लेवीय ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत दरिद्री मनुष्याची सोय पाहावी. मेंढी अथवा शेरडी न परवडल्यास त्यानें दोन पक्षी आणावे. तेही न जमल्यास एफा या मापाचा दहावा अंश सपीठ आणावें, त्यावर तेल घालूं नये, धूप ठेवूं नये. हें पीठ अन्नबली नव्हे, पापबलीच होय, असें शास्त्र स्पष्ट म्हणतें, आणि त्या पिठानें त्याच्या पापाची क्षमा होते असेंही सांगतें. म्हणजे रक्तावांचून प्रायश्चित्त या शास्त्रास ठाऊक होतें. पत्राच्या कर्त्यासही ही गोष्ट ठाऊक असावी. कारण त्यानें आपल्या वाक्यांत 'स्खेदोन' हा ग्रीक शब्द घातला आहे. त्याचा अर्थ 'बहुतेक' असा आहे. व्याख्यानांतून व पत्रकांतून हें वचन फिरतांना तो 'बहुतेक' बहुधा गळून पडतो, व उरलेल्या वाक्यावर सिद्धांताची इमारत उभारली जाते.

येथें संस्कृतज्ञ वाचकास ऐतरेय व शतपथ ब्राह्मणांतील कथा आठवल्यावांचून राहणार नाहीं. यज्ञास योग्य असा मेध मनुष्यांतून अश्वांत, तेथून बैलांत, मेंढ्यांत, बकऱ्यांत आणि अखेरीस व्रीहियवांत गेला. म्हणून पुरोडाश हाच पशु, असें त्या कथेचें तात्पर्य. साम्य मनोरम आहे, पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. ब्राह्मणग्रंथांतील पीठ मेधाच्या संक्रमणामुळें पशूच्या जागीं येतें. लेवीयांतील पीठ यजमानाच्या दारिद्र्यामुळें येतें. श्रीमंतास ती सवलत नाहीं. दोन ठिकाणीं एकच पदार्थ दिसला म्हणून दोन्हींचें कारण एक मानणें हा आम्हां संस्कृतज्ञांचा जुना रोग आहे.

आणखी एक. पापबलीचें रक्त पापी मनुष्यावर शिंपडीत नाहींत. तें वेदीच्या शिंगांस, व विशेष प्रसंगीं पवित्रस्थानाच्या पडद्यासमोर लावितात. या गोष्टीवर बोट ठेवून जेकब मिलग्रोम यांनीं आपल्या लेवीयावरील तीन खंडांच्या भाष्यांत (१९९१ ते २००१) असें प्रतिपादिलें कीं, हा बली मुख्यतः पवित्रस्थानाच्या शुद्धीचा आहे. हें मत सर्वांशीं न पटलें तरी, पशु हा पापी मनुष्याच्या बदलीं मरणारा, ही सरधोपट समजूत लेवीयाच्या विधींतून सरळ निघत नाहीं, एवढें तरी त्यावरून लक्षांत येतें.

३

आतां निषेधवचनें. आमोस ५, यशया १, मीखा ६, यिर्मया ७ आणि होशेय ६:६ हीं त्यांतील प्रमुख. यज्ञांचा वीट आला आहे, बैलांच्या रक्तांत मला संतोष नाहीं, न्याय व दया हवी, असा या सर्वांचा सूर. हीं वचनें एकेकटीं वाचलीं कीं यज्ञाचा समूळ निषेध झाला असें वाटतें. पण यशयाचा पहिला अध्याय पुढें चार ओळी वाचावा. ज्या श्वासांत परमेश्वर यज्ञ नाकारतो, त्याच श्वासांत तो सण, शब्बाथ आणि प्रार्थनाही नाकारतो. कारण प्रार्थनेसाठीं पसरलेले हात रक्तानें भरलेले आहेत. आमोसही यज्ञाच्या पाठोपाठ गीतें व वीणा नको म्हणतो. यशयानें प्रार्थना रद्द केली असें कोणी म्हणत नाहीं. मग यज्ञ मात्र रद्द केला असें कां म्हणावें?

मीमांसकांचा नहिनिंदान्याय येथें उपयोगी पडतो. निंदेचें तात्पर्य निंद्य वस्तूचा त्याग करविण्यांत नसून विधेय वस्तूच्या स्तुतींत असतें, असा तो न्याय. होशेय ६:६ याची रचनाच त्यास अनुकूल आहे. त्या वचनाचे दोन चरण समांतर आहेत. पहिल्यांत दया हवी, यज्ञ नको, असा नकार आहे. दुसऱ्यांत ईश्वरज्ञान व होमबली यांच्यामध्यें 'मिन्' हें अव्यय आहे. हें अव्यय आपल्या पंचमीसारखें तारतम्यही दाखवितें व वियोगही दाखवितें. 'होमबलींपेक्षां' असा अर्थ घेतला तर पहिल्या चरणांतील नकारही तारतम्याचाच ठरतो.

ही शंका केवळ आजच्या वैयाकरणांची नव्हे. ग्रीक भाषांतराच्या हस्तलिखितांतच ती दिसते. चौथ्या शतकांतील व्हॅटिकन पोथींत या ठिकाणीं 'यज्ञापेक्षां' असा पाठ आहे. पांचव्या शतकांतील अलेक्झांड्रियन पोथींत 'आणि यज्ञ नव्हे' असा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्ताच्या मुखीं हें वचन दोनदां आलें आहे (९:१३ व १२:७), आणि दोन्ही वेळां तें 'आणि यज्ञ नव्हे' या रूपांत. आतां यहुदी परंपरा पाहावी. यरुशलेमचें मंदिर इ. स. ७० मध्यें रोमन सेनेनें जाळल्यावर योहानान बेन झक्कई हे शिष्यासह त्या भग्नावशेषांजवळून जात असतां शिष्य विलाप करूं लागला. प्रायश्चित्ताचें स्थान गेलें असें तो म्हणाला. तेव्हां गुरूंनीं होशेयाचें हेंच वचन सांगून दयेचीं कृत्यें हें तितकेंच समर्थ प्रायश्चित्त आहे असें त्याचें समाधान केलें. ही कथा आबोत दे-रब्बी नाथान या ग्रंथांत आहे. एकाच वचनाचा आश्रय दोन्ही धर्मांनीं केला. दया एका पक्षाची व रक्त दुसऱ्या पक्षाचें, हा विभाग येथेंच ढासळतो.

तथापि नहिनिंदान्यायानें सर्व गांठी सुटतात असें म्हणणें पक्षपाताचें होईल. आमोस ५:२५ येथें परमेश्वर विचारतो कीं, अरण्यांतील चाळीस वर्षें तुम्हीं मला यज्ञ अर्पण केले होते काय? यिर्मया ७:२२ तर इतिहासाचेंच विधान करितें. मिसरांतून बाहेर काढलें त्या दिवशीं मीं तुमच्या पूर्वजांस होमबलींविषयीं आज्ञा दिली नव्हती, असा त्याचा आशय. ही निंदा नव्हे, वस्तुस्थितीचें कथन आहे, आणि तें लेवीय ग्रंथाशीं उघड विरुद्ध पडतें. वेलहाउझेन यांनीं १८७८ सालीं जो सिद्धांत मांडला, कीं पुरोहितांचा विधिग्रंथ हा भविष्यवाद्यांच्या नंतरचा, त्यास हीं वचनें मोठा आधार झालीं. त्या कालनिर्णयावर आजही एकमत नाहीं. परंतु इब्री शास्त्र या विषयांत एकमुखी नाहीं, हें मान्य केल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि हा मतभेद ख्रिस्ती हातांनीं मागाहून घुसडलेला नव्हे. १९४७ सालीं मृतसमुद्राजवळील गुहेंत जी यशयाची संपूर्ण गुंडाळी सांपडली, ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची असून तींत हा पहिला अध्याय आहे.

मग बुद्धाशीं साम्य कोठें राहिलें? भविष्यवाद्यांचा आक्षेप असा आहे कीं, गरिबास नाडून त्याच पैशानें आणलेला बैल परमेश्वरास नको. बैलाच्या जिवाची कणव हा त्या वचनांचा विषय नव्हे. अपवाद म्हणून यशया ६६:३ दाखवितात. तेथें बैल मारणारा व मनुष्यास मारणारा अशीं दोन धातुसाधित पदें शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. मध्यें 'सारखा' हा शब्द छापील इब्री पाठांत नाहीं. ती लुप्तोपमा मानली तर बैल मारणें मनुष्यवधासमान ठरतें. ती नुसती जोडी मानली तर, जो बैल अर्पण करितो तोच खूनही करितो, असा अर्थ होतो. पुढील जोड्यांत कोंकरूं व कुत्रा, अन्नबली व डुकराचें रक्त, अशी शुद्ध व अशुद्ध अर्पणांची सरमिसळ असल्यामुळें आम्हांस दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. असें असतां आमोसास बुद्धाशेजारीं बसविणें ही आमची चूक होती.

४

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष मनोरंजक वाटतील असे दोन पाठ घेऊं.

पहिला स्तोत्र ४०:६ येथील. यज्ञ व अन्नबली तुला नकोत, असें म्हणून इब्री पाठांत भक्त म्हणतो कीं, तूं माझे कान खणले आहेस. म्हणजे ऐकण्यास मोकळे केले आहेस. 'शुश्रूषा' या शब्दांत ऐकण्याच्या इच्छेपासून सेवेपर्यंतचा जो अर्थ आपण जाणतों, तोच येथें आहे. परंतु इब्री लोकांस पत्र १०:५ येथें हें वचन ख्रिस्ताच्या मुखीं घातलें आहे, व तेथें कानांच्या जागीं शरीर आलें आहे. तूं माझ्यासाठीं शरीर सिद्ध केलेंस, असा तो पाठ. पत्राचा पुढील युक्तिवाद या एका शब्दावर उभा आहे. पशूंच्या शरीरांच्या जागीं हें एक शरीर, एकदांच, सर्वांसाठीं अर्पण झालें, असा तो युक्तिवाद.

ग्रीक स्तोत्रांच्या व्हॅटिकन, सिनाई व अलेक्झांड्रियन या तिन्ही जुन्या पोथ्यांत 'शरीर' हाच पाठ आहे. तरी राल्फ्स यांनीं १९३१ च्या आपल्या आवृत्तींत जुन्या लॅटिन साक्षीवरून 'कान' हा पाठ मुळांत घेतला. हा बदल कसा झाला असावा? जुन्या ग्रीक पोथ्या मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्यें जागा न सोडतां लिहीत. मागील क्रियापदाच्या अंतीं सिग्मा आहे. 'ओतिया' म्हणजे कान या शब्दाआधीं तो सिग्मा चुकून दोनदां लिहिला गेला, आणि टाउ व आयोटा हीं दोन अक्षरें एकमेकांस चिकटून म्यू भासलीं, तर 'सोमा' म्हणजे शरीर हा शब्द आपोआप तयार होतो. कित्येक विद्वान हें मानीत नाहींत. भाषांतरकारानें अवयवावरून अवयवी घेतला असें ते म्हणतात. दुसरे म्हणतात कीं, पत्राच्या कर्त्यानेंच शब्द बदलला व पुढें ख्रिस्ती लेखकांनीं स्तोत्राची पोथी पत्रास जुळवून घेतली. उपलब्ध थोर पोथ्या ख्रिस्ती हातच्या असल्यामुळें या शेवटच्या मतास जोर आहे. आम्हांस लेखकप्रमादाची उपपत्ति अधिक पटते. कारण ती अक्षरांवरून दाखवितां येते आणि कोणावर लबाडीचा आरोप करावा लागत नाहीं.

दुसरा पाठ होशेय १४:२ येथील (इब्री गणनेनें १४:३). आम्ही आमच्या ओठांनीं परतफेड करूं, असें पश्चात्तापी लोक म्हणतात. कशाची? इब्री पाठांत 'पारीम', म्हणजे बैल. ग्रीक भाषांतरांत 'फळ', म्हणजे इब्री 'पेरी'. पे, रेश, योद, मेम हीं अक्षरें दोन्हींकडे तींच. मेम मागील शब्दास जोडला तर बैल होतात. पुढील शब्दास जोडला तर 'ओठांपासूनचें फळ' होतें. शब्दाच्या अंतीं मेमचें जें वेगळें रूप आज दिसतें तें प्राचीन लिपींत नव्हतें, त्यामुळें डोळ्यांस कांहींच खूण नव्हती. मोडी दफ्तरांतील सलग ओळींशीं ज्यांनीं झटापट केली आहे त्यांस ही अडचण समजावून सांगावयास नको. छांदोग्यांतील महावाक्याचा छेद 'तत्' असा करावा कीं 'अतत्' असा, यावर अद्वैत व द्वैत कसे वेगळे झाले, हेंही वाचकांस ठाऊक आहे.

येथेंही एका छेदानें दोन वाटा झाल्या. इब्री लोकांस पत्र १३:१५ येथें ओठांचें फळ हाच स्तुतिरूप यज्ञ म्हटला आहे; बैल तेथून नाहींसे झाले. यहुदी परंपरेनें बैल ठेवले, पण ते ओठांवर ठेवले. मंदिर नसतां ओठांचे शब्द हेच बैलांच्या ठिकाणीं, असा अर्थ रब्बींनीं केला. बैल व ओठ हीं दोन नामें शेजारीं येतात, ही रचना अवघड आहे. अवघड पाठ जुना मानावा या नियमानें ती राखतां येईल, परंतु 'ओठांचें फळ' ही इब्रींतील स्वाभाविक उक्ति असल्यामुळें मूळ पाठ तोच असावा असें आम्हांस वाटतें. मृतसमुद्राजवळ सांपडलेल्या समाजनियमांच्या गुंडाळींतही होमाच्या मांसावांचून प्रायश्चित्त व ओठांचें अर्पण यांचा उल्लेख आहे. ते लोक यहुदी होते व मंदिर तेव्हां उभें होतें. म्हणजे ओठांचें अर्पण ही कल्पना ना ख्रिस्त्यांनीं नवीन काढली, ना मंदिराच्या नाशानें प्रथम सुचली.

५

इ. स. ७० नंतर दोन्ही धर्मांत मंदिरांतील पशुबली थांबला. भेद आहे तो थांबण्याच्या अर्थांत. यहुदी म्हणतो, विधि कायम आहे, स्थान नाहीं. त्यानें यज्ञांच्या वेळांवर प्रार्थनांच्या वेळा बसविल्या. पापबलीचें शास्त्र जो पढतो त्यानें जणूं पापबलीच दिला, असें तालमूदांत सांगितलें. आणि जे यज्ञ करितां येत नव्हते त्यांचे बारीकसारीक नियम मिश्नेच्या एका संपूर्ण विभागांत जपून ठेविले. बाराव्या शतकांतील मैमोनिदीस यांनीं एका ग्रंथांत, लोकांची जुनी संवय एकदम सुटणार नाहीं म्हणून यज्ञ विहित झाले, असें लिहिलें. आणि दुसऱ्यांत, मसीहाच्या काळीं ते पुन्हां होतील, असेंही लिहिलें. नाखमानिदीस यांनीं पहिल्या मतावर कडक टीका केली. शब्बाथाच्या प्रार्थनेंत गणना ग्रंथांतील यज्ञवचनें येतात तीं या जपणुकीचाच भाग. १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत बांधलेल्या 'दयेचें द्वार' या अर्थाच्या नांवाच्या सभास्थानांत वेदी नाहीं. पण हीं वचनें आहेत. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें.

याचा एक पुरावा आपल्या पुण्यांतही छापला गेला आहे. १८७४ सालीं बेने इस्राएल लोकांसाठीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हग्गादा मराठी भाषांतरासह येथें प्रसिद्ध झाला. त्याच्या चित्रांत लुगडीं नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत आहेत. त्या रात्रीं वल्हांडणाचें कोंकरूं अर्पण होत नाहीं. त्याची आठवण म्हणून ताटांत एक हाड ठेवितात, आणि यज्ञांचें व वल्हांडणाचें मांस पुन्हां खावयास मिळो, ही अकिबा यांची जुनी प्रार्थना म्हणतात.

ख्रिस्ती म्हणतो, विधि पुरा झाला. पण हें मतही पहिल्या दिवसापासून सर्वत्र नव्हतें. ख्रिस्तानें बऱ्या केलेल्या कुष्ठ्यास मोशेनें नेमलेलें अर्पण करावयास पाठविलें (मार्क १:४४). पौलानें यरुशलेमांत चार नवसकऱ्यांचा खर्च पत्करला (प्रेषितांचीं कृत्यें २१). गणना ६ प्रमाणें असा नवस फेडण्यास दर माणशीं तीन पशु लागत. पुढें यज्ञ हा शब्दही ख्रिस्त्यांनीं टाकिला नाहीं. १८७३ सालीं ब्रिएन्निओस यांस कॉन्स्टँटिनोपल येथें जी १०५६ सालची पोथी मिळाली, तींतील 'दिदाखे' या प्राचीन ग्रंथांत मलाखी १:११ येथील शुद्ध अर्पण म्हणजे ख्रिस्ती भाकरविधि, असें मानिलें आहे. आणि १५६२ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें मिस्सा हा खरा पण रक्तहीन यज्ञ आहे असा निर्णय दिला. उलट आर्मेनियन ख्रिस्ती आजही 'मताघ' नांवाचा विधि करितात. त्यांत आशीर्वादित पशूचें मांस गरिबांस वांटतात. आणि यहुद्यांचेच भाऊबंद शोमरोनी गरिजीम डोंगरावर वल्हांडणाचीं कोंकरें अद्याप मारितात, कारण त्यांच्या शास्त्रांत पवित्र स्थान तोच डोंगर आहे, आणि तो कोणास जाळतां आला नाहीं.

६

या चर्चेंतून आमचा निष्कर्ष असा. पशुबलीविषयीं या दोन धर्मांतला भेद हिंसा व दया यांचा नव्हे. दया दोघांच्याही शास्त्रांत आहे, रक्तही दोघांच्याही शास्त्रांत आहे, आणि पशूच्या जिवाचा विचार दोहोंतही गौण आहे. ज्या विधीचें स्थान नष्ट झालें त्याचें काय करावें, हा प्रश्न दोघांपुढें एकच होता. एकानें तो स्थगित मानिला, दुसऱ्यानें पुरा झालेला मानिला. आणि प्रत्येकाच्या मतास त्याच्या हातीं असलेल्या पोथीच्या पाठानें बळ दिलें.

संग्राहकांस म्हणून एक विनंति. पोथीची नक्कल करितांना पदच्छेदाच्या रेघा आपल्या समजुतीप्रमाणें घालूं नयेत. घालणें भागच असेल तर मूळ ओळ सलग उतरून घेऊन खालीं वेगळ्या शाईनें घालाव्या. अक्षर आज निरर्थक वाटलें तरी गाळूं नये. मेम कोणत्या बाजूस बसवावा हें नक्कल करणाऱ्यानें ठरवावयाचें नसतें. आणि ज्यांच्या संग्रहीं बेने इस्राएल मंडळींचीं मुंबईस वा पुण्यास छापलेलीं जुनीं मराठी प्रार्थनापुस्तकें असतील, त्यांनीं होशेयाचें तें वचन त्यांत कोठें आलें असल्यास तेथें बैल आहेत कीं फळ आहे, एवढें पाहून कळवावें. तेवढ्यानें आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याचें ऋण थोडें आणखी फिटेल.